मणी निवेपर्यंत

काचेचा पोकळ मणी तयार होतानाचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. नसेल, तर एकदा शोधून बघा. पुढचे आठ दिवस फोन दुसरं काही दाखवणार नाही. एक टॉर्च, निळसर ज्योत, हातात पोलादी सळई. सळईवर मधासारखी काच गुंडाळली जाते. दोन चकत्या उभ्या राहतात, त्यांच्या कडा वाढत वाढत एकमेकींकडे झुकतात, भेटतात. आणि मग जादू होते. तो सुरकुतलेला, वाकडातिकडा गोळा ज्योतीत फिरता फिरता आपोआप फुगतो आणि गोल होतो. मग एक कट. पुढच्या क्षणी तोच मणी कुणाच्या तरी तळहातावर, खिडकीच्या उजेडात. सगळं मिळून चाळीसेक सेकंद.

मला त्या कटबद्दल बोलायचं आहे. ज्योतीतला मणी आणि तळहातावरचा मणी यांच्यामध्ये निदान काही तास जायला हवेत, बहुतेक वेळा एक अख्खी रात्र. ती रात्र मणी एका छोट्या विजेच्या भट्टीत घालवतो. तिथे बघण्यासारखं काही नसतं. दार बंद असतं आणि बाहेरच्या आकड्यात तापमान हळूहळू उतरत असतं. पण मणी 'झाला' की नाही, हे तिथे ठरतं. आपण मात्र तो ज्योतीतच झाला असं धरून चालतो. मीही तसंच धरून चाललो होतो, आणि तसं छापूनही मोकळा झालो होतो.

आधी माझी चूक

दोन वर्षांपूर्वी मी एका हस्तकला प्रदर्शनावर लिहिलं. त्यात एका स्टॉलवरच्या पोकळ मण्यांसाठी दोन परिच्छेद खर्च केले होते. आता वाचताना लाज वाटते. ज्योतीचं नृत्य, काचेत पकडलेला श्वास, साबणाच्या फुग्याचा नाजूकपणा: असे सगळे शब्द झाडून हजर होते. मणी टिकेल का, हा प्रश्न कुठेच नव्हता. तो समीक्षेचा प्रश्न आहे असं मला वाटलंच नव्हतं.

मी स्वतःही तिथून एक समुद्री हिरवा मणी घेतला होता. चार महिन्यांनी तो कपाटाच्या खणात दोन तुकड्यांत सापडला. कुणी हात लावला नव्हता. मी मनाशी म्हटलं, खण जोरात लावला असेल. मग काही आठवड्यांनी एका वाचक मुलीचा मेसेज आला. माझा लेख वाचून तिने बहिणीसाठी त्याच स्टॉलवरची कानातली घेतली होती. एका लग्नात, काही धक्का नाही, काही आपटणं नाही, बहिणीच्या कानातला मणी फुटला आणि कडेने मानेवर ओरखडा उठला. मेसेजमध्ये तक्रार नव्हती. तिने एवढंच विचारलं होतं, "काचेचं असं होतं का?"

मला उत्तर येत नव्हतं. मण्यांवर दोन परिच्छेद लिहिणाऱ्याला हे येऊ नये, हे मला खुपलं.

मग मी मणी बनवणाऱ्या ताईंना फोन केला. त्यांनी काही लपवलं नाही. "भट्टी नाहीये माझ्याकडे. मणी झाला की व्हर्मिक्युलाइटच्या डब्यात खुपसून ठेवते. सावकाश गार होतो त्यात." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि विचारतं कोण हो? सगळे विचारतात, रंग जाईल का. तुम्ही तरी कुठे विचारलंत?"

खरंच विचारलं नव्हतं. तेव्हापासून मी हा विषय शिकायचा प्रयत्न करतो आहे. त्यातून जे कळलं ते पुढे मांडतो, कारण ते कळल्यावर मण्याकडे बघायची नजरच बदलते.

पोकळ मणी कसा होतो

आधी सळईला मातीसारखा एक लेप देऊन तो वाळवतात. काच थेट पोलादाला चिकटली तर सुटणार नाही. लेपामुळे शेवटी मणी सळईवरून काढता येतो आणि सळईच्या जागी भोक उरतं. या सळईवर थोड्या अंतराने काचेच्या दोन चकत्या चढवतात. मग प्रत्येक चकतीच्या काठावर काचेचे वेढे देत भिंत वाढवत न्यायची. दोन्ही भिंती मध्यावर भेटल्या की आत हवा कोंडली जाते. मघाची जादू ती हीच. कोंडलेली हवा तापते, प्रसरण पावते आणि मऊ झालेली भिंत आतून बाहेर ढकलते. सांध्यात सुईच्या टोकाएवढं छिद्र राहिलं तरी हवा निसटते आणि मणी फुगत नाही. फुंकर न मारता आलेली ही गोलाई आहे. पोकळ नळीतून फुंकून मणी करायची रीतही आहे, पण सळईवरच्या मण्यात कारागीर फक्त फिरवत राहतो. फुगवायचं काम हवा करते.

या रीतीतच पुढची अडचण दडलेली असते. वेढ्यांनी बांधलेली भिंत सगळीकडे सारखी जाड नसते. भोकापाशी, जिथे चकत्या सळईला बसल्या, तिथे काच जास्त. सांध्यावर कधी जाड वळ राहतो. फुगलेल्या पोटावर काच ताणून पातळ होते. शिवाय बाहेरची बाजू खोलीतल्या हवेला उघडी, आणि आतल्या बाजूला कोंडलेली गरम हवा आणि तापलेली सळई. म्हणजे एकाच मण्याचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या वेगाने गार होणार.

काच बर्फासारखी एका ठरावीक अंशाला गोठत नाही. चिक्कीच्या पाकासारखी ती आळत जाते: आधी पातळ, मग चिकट, मग खुटखुटीत. ज्योतीतून बाहेर काढलेल्या मण्याची बाहेरची कातडी आधी कडक होते. आतला भाग अजून गरम असतो; तो नंतर गार होताना आकसू पाहतो, पण बाहेरच्या कातडीने माप आधीच ठरवून टाकलेलं असतं. आत आकसायला जागा मिळत नाही. शेवटी मणी गार होतो तेव्हा बाहेरचा भाग दाबाखाली असतो आणि आतला भाग ताणाखाली. दिसायला मात्र सगळं छान.

काच दाब सोसते, ताण सोसत नाही. आणि पोकळ मण्यात ताणाखाली असलेली आतली बाजूच सगळ्यात खरखरीत असते, कारण तिथे भोकाच्या कडा असतात. मणी सळईवरून काढल्यावर आतला लेप हिऱ्याच्या कणांच्या कानशीने घासून काढतात. त्या घासण्याचे बारीक ओरखडे नेमके तिथेच पडतात, आणि तडा जायला एक बारीक ओरखडा पुरतो.

माझा मणी चार महिन्यांनी का फुटला, तेही यातच आहे. ताणाखालच्या काचेतली बारीक भेग एकदम धावत सुटतेच असं नाही. हवेतली वाफ भेगेच्या टोकाशी काचेचे बंध सोडवत राहते आणि भेग अगदी सावकाश सरकते. एका मर्यादेपर्यंत काही दिसत नाही. मर्यादा ओलांडली की क्षणात दोन तुकडे. त्या मुलीच्या बहिणीला धक्का कुणी दिला नव्हता. धक्का मण्यात पहिल्या दिवसापासून होता.

भट्टीत काय होतं

या ताणावर उपाय एकच: काचेला पुन्हा थोडं सैल होऊ देणं. मण्याचा आकार बिघडणार नाही इतपत कडक, पण आतल्या आत ताण सोडवता येईल इतपत मऊ, अशी तापमानाची एक अरुंद पट्टी असते. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटाच्या परंपरेतली जी मऊ काच मणीकार वापरतात, तिच्यासाठी ही पट्टी साधारण ५०० ते ५२० अंश सेल्सिअसच्या आसपास येते. प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रांची असते तशी बोरोसिलिकेट काच असेल तर ५६५ अंशांच्या जवळपास.

यात दोन टप्पे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ज्याला ॲनीलिंग पॉइंट म्हणतात, त्या तापमानाला ताण साधारण १५ मिनिटांत सैलावतो. त्याच्या खाली स्ट्रेन पॉइंट येतो. तिथे तेच काम व्हायला ४ तासांच्या आसपास लागतात. त्याच्याही खाली गेलं की ताण निघत नाही, राहिला तो राहिला. म्हणून मणी ज्योतीतून काढून गार होऊ न देता थेट तापलेल्या भट्टीत ठेवायचा. सगळ्या भिंतीचं तापमान एक होईपर्यंत तिथेच राहू द्यायचा. मग स्ट्रेन पॉइंटच्या खाली जाईपर्यंत अगदी हळू उतरवायचा, आणि तिथून खोलीच्या तापमानापर्यंतही घाई करायची नाही.

किती हळू, हे जाडीवर ठरतं, आणि इथला हिशोब फसवा आहे. एकाच वेगाने गार केलं तर भिंतीच्या आतबाहेरच्या तापमानातला फरक जाडीच्या वर्गाने वाढतो. जाडी दुप्पट झाली तर तेवढीच काळजी घ्यायला वेळ चौपट हवा. पोकळ मण्यात भट्टीचा वेळ पोटाच्या पातळ काचेवरून ठरवून चालत नाही. भोकापाशी जिथे सर्वांत जाड काच आहे तिच्यावरून ठरवावा लागतो. उलट भट्टी गरजेपेक्षा जास्त तापली, तर पातळ पोट बसतं किंवा त्यावर खालच्या आधाराचा ठसा उमटतो. म्हणजे एकच मणी भट्टीला दोन विरुद्ध गोष्टी मागतो. ज्योतीपुढची कसोटी आपल्याला दिसते. ही दुसरी कसोटी दिसत नाही, पण ती लहान नाही.

आणि व्हर्मिक्युलाइट? तो डबा उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे मणी लगेच तडकत नाही. पण तापमान त्या पट्टीत ठरल्या वेळेपर्यंत धरून ठेवणं त्याला जमत नाही. तिथून निघालेला मणी नंतर भट्टीत घालून सावकाश पुन्हा तापवता येतो आणि मग त्याचं ॲनीलिंग नीट होऊ शकतं. अनेक जण असंच करतात. नुसत्या डब्यातून निघालेला मणी मात्र सावकाश गार झालेला असतो, एवढंच म्हणता येईल.

गार होणं आणि निवणं

परिभाषेत या क्रियेला 'अनुशीतन' म्हणतात. शब्द नेमका आहे, पण तो तोंडी बसत नाही. आपल्याकडे एक घरचा शब्द आहे: निवणं. भात गार होतो आणि भात निवतो, यात फरक आहे. पंख्याखाली ठेवलेला भात वरून गार होतो, आत वाफ तशीच असते. निवायला वेळ द्यावा लागतो, आणि निवलेल्या गोष्टीच्या आतबाहेर एकच अवस्था असते. माणूस चिडून गप्प बसला तर आपण त्याला 'निवला' म्हणत नाही. डब्यातला मणी गार होतो, भट्टीतला निवतो. मला पहिल्या लेखात हा एक शब्द जरी सुचला असता, तरी पुढचा प्रश्न आपोआप आला असता.

तो न सुचण्यामागे एक कारण आपल्या मण्यांच्या ओळखीत आहे. महाराष्ट्राला काचेचे मणी नवे नाहीत. तेर, नेवासे, कोल्हापूरची ब्रह्मपुरी इथल्या उत्खननांत ते सापडले आहेत, आणि भारतीय काचेचा इतिहास एकत्र मांडणारं एक महत्त्वाचं पुस्तक मो. गं. दीक्षित या मराठी पुरातत्त्वज्ञाने लिहिलं. मुंबई विद्यापीठाने ते १९६९ साली इंग्रजीत प्रसिद्ध केलं. पण आपल्या रोजच्या ओळखीचा मणी म्हणजे मंगळसूत्रातला काळा मणी. तो इतका बारीक असतो की त्याच्या आतबाहेर तापमानाचा फरक फारसा पडतच नाही. त्याच्याबद्दल आपण विचारतो ते ओवण्याचं: सर किती पदरी, गाठवलं कुठे, दोरा की तार. तुटली तर सर तुटते, मणी नाही. त्यामुळे मण्याला आतून काही होऊ शकतं, ही शंका आपल्या भाषेत कधी आलीच नाही. पोकळ मणी स्टॉलवर आला तेव्हा आपण त्यालाही तेच जुने प्रश्न विचारले. रंग जाईल का, त्यातलाच.

'ब्लोन अवे' आणि तो कट

याच कटचं मोठं रूप बघायचं असेल तर नेटफ्लिक्सवरची 'ब्लोन अवे' ही कॅनडात तयार झालेली मालिका बघा. पहिला सीझन २०१९ मध्ये आला. हॅमिल्टन शहरातली मोठी कार्यशाळा, दहा काचकलावंत, दहा भाग, दर भागात एक आव्हान, एक जण बाहेर. कॅथरीन ग्रे या स्वतः काचकलावंत असलेल्या मुख्य परीक्षक. पहिला सीझन डेबोरा चेरेस्को यांनी जिंकला.

मला ही मालिका आवडते, आणि आवडण्याचं कारण नीट सांगायला हवं. इथे काच फुटते, आणि ती फुटलेली दाखवतात. तासन्‌तास राबून केलेली वस्तू शेवटच्या मिनिटाला जमिनीवर पडते, आणि कलावंताचा चेहरा कॅमेरा टाळत नाही. मोठ्या काचकामाला मदतनीस लागतात, हेही लपवलेलं नाही. हस्तकलेच्या नावाखाली एकट्या प्रतिभावंताची गोष्ट सांगण्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक आहे.

पण घड्याळ कुठे लावलं आहे ते बघा. ते काम करण्याच्या वेळेवर लावलेलं आहे. वस्तू जाड हातमोज्यांतून ॲनीलरपर्यंत पोचली की सुटकेचा निःश्वास, दार बंद, आणि मग दालनातल्या पांढऱ्या चौथऱ्यावर तयार वस्तू. ॲनीलर हे नाव पुन्हा पुन्हा येतं, पण शर्यतीच्या शेवटच्या रेषेसारखं. रेषा ओलांडली, संपलं. खरं तर वस्तूच्या दृष्टीने तिथे दुसरा अर्धा भाग सुरू होतो. परीक्षणाची भाषाही कल्पना, आकार, प्रमाण, रंग, सफाई यांच्याभोवती फिरते.

मालिकेला यासाठी दोष देणं अन्यायाचं होईल. तिथे भट्ट्या आहेत, त्या चालवणारी जाणती माणसं आहेत. निवणं गृहीत धरता येतं. बंद दार दहा तास दाखवलं तर बघणार कोण? अडचण दुसरीकडे आहे. या मालिकेने आणि तिच्यासारख्या हजारो छोट्या व्हिडिओंनी काचेकडे बघायची जी सवय लावली, ती आपण प्रदर्शनात घेऊन जातो. मालिकेत कटच्या मागे भट्टी होती. चाळीस सेकंदांच्या व्हिडिओत कटच्या मागे भट्टी आहे की डबा, हे कळायला मार्ग नाही, कारण दोन्हींचे शेवटचे शॉट सारखेच दिसतात. आणि ज्याचा फरक दिसत नाही त्याचे पैसे कुणी देत नाही. ताईंच्या फोनवर मला खरं ऐकू आलं ते हे. भट्टीला पैसे लागतात, वीज लागते, आणि एक रात्र लागते. यातलं काहीही व्हिडिओत दिसत नाही, म्हणून किमतीत धरता येत नाही. शेजारच्या स्टॉलवर भट्टीत निववलेले मणी घेऊन कुणी बसलं असतं, तर ते माझ्या लेखात 'जरा महाग' म्हणून आले असते.

पण ही समीक्षा आहे का?

एक आक्षेप मी स्वतःलाच घेऊन पाहिला. टिकाऊपणा हा गुण बादलीचा. कलेला तो का लावायचा? रांगोळी दुसऱ्या दिवशी पुसली जाते म्हणून तिचं सौंदर्य कमी होतं का?

नाही होत. पण रांगोळी पुसली जाणार हे काढणारीला माहीत असतं आणि बघणाऱ्यालाही. कानातला मणी तसं काही सांगत नाही. तो कानापाशी, मानेपाशी, बाळाच्या मुठीपाशी राहण्यासाठी केलेला असतो. त्याची हलकी पोकळी ही नुसती करामत नसते. एवढा मोठा मणी कानाला जड होऊ नये म्हणून ती असते. 'हा मणी अंगावर घाल' हे वाक्य त्याच्या रूपातच आहे. ते वाक्य खरं आहे की नाही, हे तपासणं मला समीक्षेच्या बाहेरचं वाटत नाही.

ताण दाखवणं हाच हेतू असलेल्या वस्तूही काचेच्या इतिहासात आहेत. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकला की लांब शेपटीचा अश्रू तयार होतो. त्याचं डोकं हातोडीचा घाव सोसतं, पण शेपटी मोडली की सगळ्याचा क्षणात भुगा. सतराव्या शतकात प्रिन्स रूपर्टने हे थेंब इंग्लंडच्या राजाला दाखवले, आणि रॉबर्ट हूकने १६६५ च्या 'मायक्रोग्राफिया'त त्यांच्यावर लिहिलं. हा थेंब म्हणजे मुद्दाम न निववलेली काच. पण तो काही लपवत नाही, आणि त्याला कुणी कानात घालायला सांगत नाही.

उलट, भट्टी हा सगळीकडे लावायचा नियमही नाही. २०२० साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत मण्यांशी संबंधित दोन नोंदी झाल्या: इटली आणि फ्रान्सची काचमण्यांची कला, आणि चेक प्रजासत्ताकातली फुंकलेल्या मण्यांपासून ख्रिसमसची सजावट करायची हातकला. चेक मणी काचेच्या नळीतून साच्यात फुंकतात, मग आतून चांदीचा मुलामा देतात. त्यांची भिंत इतकी पातळ असते की आतबाहेरचा फरक टिकायला जागाच नाही. त्यांना आपल्या जाडजूड पोकळ मण्याचा नियम लावणं चूक ठरेल. 'भट्टीत घातला का?' हा प्रश्न म्हणूनच शिक्का मारण्यासाठी विचारायचा नाही. काच कोणती, भिंत किती जाड, वस्तू कशासाठी, हे बघून तो विचारायचा. शिवाय भट्टी सगळं दुरुस्त करत नाही. तापल्यावर कमीजास्त प्रसरण पावणाऱ्या दोन काचा एका मण्यात जोडल्या असतील, तर कितीही निववलं तरी त्यांच्यातली ओढाताण जात नाही.

मग बघायचं कसं

थोडं डोळ्यांनी दिसतं. मणी उजेडात धरून भोकाच्या कडा बघा: त्या गुळगुळीत आत वळलेल्या आहेत की धारदार, उभ्या? सांध्यावर वळ आहे का? भिंत एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला फिकट दिसते का? रंगाची ही दाट-फिकट छटा म्हणजे बऱ्याचदा जाडीतला फरक असतो. हे सगळं कारागिरीचं वाचन आहे आणि त्याला उपकरण लागत नाही.

ताण मात्र नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तो दाखवण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला डेव्हिड ब्रूस्टरने शोधली, आणि तिचं सामान आज तुमच्या घरात असू शकतं. एलसीडी स्क्रीनच्या लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडा. पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर धरून फिरवा. एका कोनात स्क्रीन काळी पडेल. आता पारदर्शक मणी स्क्रीन आणि गॉगलच्या मध्ये धरा. काचेत ताण नसेल तर तीही काळोखात राहते. ताण असेल तिथे उजेडाचे ठिपके आणि पट्टे उमटतात. मण्याच्या गोलाईमुळे उजेड वाकतो, त्यामुळे हा काही प्रयोगशाळेचा अहवाल नव्हे, आणि अपारदर्शक काचेवर तर याचा उपयोगच नाही. पण एकदा करून बघा. प्लास्टिकची पट्टी धरलीत तर इंद्रधनुष्यच दिसेल.

माझ्या टेबलावर सध्या दोन वस्तू आहेत. एक त्या हिरव्या मण्याचा उरलेला अर्धा भाग. फुटताना त्यातला बराच ताण सुटून गेला असणार, तरीही गॉगलमधून भोकाजवळ उजेडाची एक कड अजून दिसते. रंग, पोटाची गोलाई, काचेची स्वच्छता यांबद्दल मी पहिल्यांदा जे लिहिलं ते आजही खोटं नाही. मणी सुंदरच होता. फक्त तो पुरा झाला नव्हता, आणि मी त्याला पुरा म्हटलं.

दुसरा मणी त्याच ताईंचा आहे, यंदाचा. आता त्या महिनाभराचे मणी साठवतात आणि ओळखीच्या एका स्टुडिओतल्या भट्टीत भाड्याने निववून आणतात. डब्यातून भट्टीपर्यंत जाताना काही मणी तडकतातच. तो तोटा त्या धरून चालतात. हा मणी फिकट मधाच्या रंगाचा आहे आणि एका अंगाला किंचित चपटा. गॉगलमधून बघितलं तर काळोखात काळाच राहतो. फोटो काढून टाकावा असं त्यात काही नाही.

किंमत आधीपेक्षा जास्त आहे. ताईंनी स्टॉलवर त्यासाठी एक छोटी पाटी लावली होती: 'हे मणी भट्टीत रात्रभर निववलेले आहेत.' मी तिथे उभा असताना कॉलेजच्या दोन मुली आल्या. एकीने मणी कानाला लावून फोनमध्ये बघितला, पाटी वाचली आणि विचारलं, "निववलेले म्हणजे?"

ताईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि सांगायला सुरुवात केली. मुलींनी दहा मिनिटं ऐकलं. मग एकीने एकच मणी घेतला, दुसरीने काही घेतलं नाही. त्या मेसेज करणाऱ्या मुलीला मी हा लेख पाठवणार आहे. तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला दोन वर्षं लागली: काचेचं असं होतं, पण व्हायलाच हवं असं नाही.